पाणी असू दे

एल सेद्रल, ३ जानेवारी

युरानी,

माझं सगळं बदललं ते चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी. नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या नोवेनाची शेवटची प्रार्थना संपली होती, बशांमध्ये नातियाच्या गोड वड्या पडत होत्या. मी खुर्चीवर चढलो, ग्लास उंच धरला आणि ओरडलो, “पाणी नाही, मंडळी! आमच्या रुबिएलाला पाणी नाही, खरं औषध टोचतात!”

तू तिथे असायला हवी होतीस.  बेत्साबे आत्यानं छातीवर क्रूस काढला, चुलतभावांनी टेबल बडवायला सुरुवात केली आणि ओविदियोनं तर मला खुर्चीसकट उचललं. तुला माहीतच आहे, पाच वर्षं आमचं अख्खं गोत दर महिन्याला बस करून नव्या औषधाच्या चाचणीसाठी मेडेयीनला तुमच्या केंद्रात येतं, बाही वर करतं, सुई टोचून घेतं आणि परतीच्या वाटेवर एकच विनोद करतं. “काय रे, आज तुला रम मिळाली की पाणी?” “पाणीच, दादा! आपल्या नशिबात रम कुठली!” ज्यांच्या अंगात काय चाललंय ते स्वतःलाच ठाऊक नाही अशी छत्तीस माणसं. त्यातल्या एकीचं तरी त्या संध्याकाळी कळलं होतं.

 फक्त रुबिएलानं हातातली बशी टेबलावर ठेवली, ॲप्रन सोडला, त्याची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि पापांना कॉफी हवी का ते बघायला आत गेली. मला वाटलं, आनंद झालाय. मोठ्या बहिणींना आनंद झाला की त्या आवराआवर करतात.

मी हे तिच्यासाठीच केलं. ती चौतीस वर्षांची आहे. ओविदियो दुधाची गाडी घेऊन सहा वर्षं रोज सकाळी दारात भोंगा वाजवतोय, आणि ती दर वेळी म्हणते, “औषधाचा निकाल लागू दे, मग लग्नाचं बघू.” तिला मूल हवंय. कपाटात पिवळ्या लोकरीचे दोन इवले मोजे विणून ठेवलेत, मी पाहिलेत. तुम्ही पांढऱ्या कोटवाले ज्याला अल्झायमर म्हणता त्याला आम्ही चार पिढ्या ‘ला बोबेरा’ म्हणतोय, म्हणजे खुळावणं. आजी खुळावली, दोन काका खुळावले, आता पापा. आमच्याकडे पंचेचाळीसच्या आसपास माणूस कॉफीची किटली घेऊन अंगणात उभा राहतो आणि विचारतो, हे काय असतं? मग कुणी मूल जन्माला घालताना विचार करणार नाही का? मी म्हटलं, तिचा विचार संपवून टाकू.

तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू अडवलायस, हे कळायला मला चार दिवस लागले. केंद्रात फोन केला तर बाई म्हणाली, “ती आता इथे नसते.” कुठे गेली? “आम्ही सांगू शकत नाही.” पास्तो शहरातल्या तुझ्या मावशीचा पत्ता तुझ्या मैत्रिणीशी भांडून मिळवला. म्हणून हा कागद.

कुणी तुझं नाव घेतलं असेल तर मला ठाऊक नाही. मी घेतलेलं नाही. कार्मेनच्या मारियामातेची शपथ.

तुला आठवतं, तू मला पहिलं काय म्हणालीस? मी रुबिएलाला घेऊन आलो होतो, रांग बघून वैतागलो आणि तुमच्या औषधाच्या खोलीचं दार आपटलं. तू बाहेर येऊन म्हणालीस, “दार काय सासऱ्यानं दिलंय? हळू लावा!” मी म्हटलं, “सासरा कोण ते तुम्ही सांगा, त्यांनाच विचारतो.” तू हसली नाहीस. पण कान लाल झाले.

लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

विल्मार


एल सेद्रल, २९ जानेवारी

युरानी,

आता कळलं.

रुबिएला महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. मीठ दे. पापांचे बूट काढ. परवा शाळेतून आली, पेटी उघडली आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. पाच वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांनी सह्या केल्या तो. आमच्यात निम्म्यांना वाचता येत नाही, म्हणून गावची मास्तरीण म्हणून तिनंच तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. मी तेव्हा सतरा वर्षांचा, बाहेर फुटबॉल खेळत होतो.

“सातवा मुद्दा वाच,” ती म्हणाली. “मोठ्यानं. वर्गात वाचतात तसा.”

मी वाचला. ज्यांच्या रक्तात हा दोष उतरलेला नाही, त्या सगळ्यांना पाणी. ज्यांच्या रक्तात तो आहे, त्यांतल्या निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना पाणी. कुणाला काय मिळालं ते कुणालाही सांगितलं जाणार नाही, कारण ते सांगणं म्हणजे दोष आहे हेच सांगणं होईल.

“आता सांग. पाणी मिळतं ते कोण असू शकतात?”

“दोन्ही,” मी म्हटलं. “असलेले, नसलेले.”

“आणि औषध मिळतं ते?”

मी इंजिनियरिंगच्या तीन सहामाह्या काढल्यात, युरानी. पुलाला किती भार सोसेल ते काढता येतं मला. या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर बोट ठेवून दाखवलं, ‘ज्यांच्या रक्तात तो आहे’ या शब्दांवर.

“एवढं सोपं गणित,” ती म्हणाली. “तुला लहानपणी मी शिकवलं. छडी कधी उगारली नाही, तिथेच चुकलं.” मग कागदाची घडी घालून पेटीत ठेवला. “पाच वर्षं मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगायचे, असेल किंवा नसेल. तेवढ्यावर दिवस जायचा रे. बरा जायचा.”

म्हणून तू मला ते म्हणाली होतीस. ऑक्टोबरात, नदीकाठच्या बाकावर. मी तुझ्या डोक्यावर बसलो होतो, सांग ना, रुबिएलाला काय देता, तुला तर ठाऊक असतं. तू म्हणालीस, “विल्मार, पाणी असू दे म्हणून प्रार्थना कर.” आणि मी भडकलो. म्हटलं, आमच्यासाठी पाणी मागतेस? आमच्या लायकीला पाणीच का? उठून निघून गेलो. तू बाकावर एकटी होतीस तेव्हा काय करत होतीस? मी वळून बघितलं नव्हतं.

ओविदियो मला दुधाच्या गाडीत बसवून वळणापर्यंत घेऊन गेला. मला वाटलं मारतोय. त्यानं गाडी थांबवली आणि समोर बघत म्हणाला, “सहा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही, तुझ्यात ते आहे की नाही. मला नकोच होतं ते उत्तर. तू मला ते कशाला दिलंस?” मग गाडी वळवून मला घरी आणून सोडलं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं त्याला सांगितलंय, उद्यापासून थांबू नकोस. तो थांबतो. भोंगा वाजवतो. ती खिडकीतून बरणी बाहेर धरते, दूध घेते, खिडकी लावते. पिवळे मोजे बेत्साबे आत्याच्या नव्या नातवाच्या पायात आहेत.

या महिन्यात मीही बसनं गेलो होतो, तू दिसशील म्हणून. गणित आता सगळ्यांनाच कळलंय. परतीच्या वाटेवर रम की पाणी, कुणी विचारलं नाही. प्रत्येक जण खिडकीबाहेर बघत मनात पाणी मागत होता.

तुझ्या जागी एक चष्मेवाला मुलगा बसतो. दार नेहमी बंद.

विल्मार


एल सेद्रल, २० मार्च

युरानी,

तुझं कार्ड आलं. पुढे ज्वालामुखीचं चित्र, मागे दोन ओळी. “मी तुला काहीही सांगितलं नव्हतं. मग तुला कळलं कसं?” खाली सही नाही. अक्षर ओळखलं, तेवढं पुरे.

उत्तर देतो. आधी पापांचं सांगतो.

पापा आता मला गुरांचा दलाल समजतात. रोज सकाळी मी कॉफी घेऊन गेलो की हात जोडून म्हणतात, “गाय विकायची नाही, साहेब. पोरं लहान आहेत.” गाय सहा वर्षांपूर्वीच गेली. मी आधी समजावायचो, मी विल्मार, तुमचा मुलगा. ते घाबरून रुबिएलाला हाक मारायचे. आता मी म्हणतो, “ठीक आहे डॉन हिल्दार्दो, नाही विकायची तर नाही. कॉफी घ्या.” मग खूष होतात. माझ्यासारखा सभ्य दलाल दुसरा नाही, असं शेजाऱ्यांना सांगतात.

पण परवा रुबिएलाशी वाजलं आणि मी बाहेर पडताना दार आपटलं. आत पापा म्हणाले, “गेला बघ विल्मार.” रुबिएलानं सांगितलं मला. मी परत आलो, पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा आपटलं. “विल्मार,” पापा म्हणाले, “डोकं गरम आहे पोराचं, बिजागऱ्या खिळखिळ्या करतोय.” आत जाऊन समोर उभा राहिलो तर, “गाय विकायची नाही, साहेब.”

चेहरा गेला, आवाज गेला, नाव गेलं. दाराचा आवाज तेवढा राहिलाय. त्यावरून ते मला ओळखतात.

आता तुझा प्रश्न.

डिसेंबरची सात तारीख, मेणबत्त्यांचा दिवस. आपण नदीकाठी दिवे बघायला जाणार होतो. मी तुला न्यायला खोलीपाशी आलो, तू म्हणालीस, “जाकीट आतल्या कपाटात राहिलं, थांब दोन मिनिटं.” टेबलावर वही होती. उघडी नव्हती, युरानी. मी उघडली. रुबिएलाचा आकडा मला पाठ होता, तिच्या कार्डावर असतो, दोनशे सतरा. आकड्यापुढे दोनच प्रकारची अक्षरं लिहिलेली. दोनशे सतराच्या पुढे ‘औ’. मी वही होती तशी ठेवली. तू आलीस. मी तुझ्या जाकिटाची चेन लावून दिली.

त्या संध्याकाळी मी किती खुशीत होतो ते तू बघितलंस. म्हणालीस, “आज काय स्वारी हवेत?” मी म्हटलं, तू आहेस ना बरोबर. खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं.

एवढंच. असं कळलं.

अभ्यास सोडला त्याचंही खरं सांगून टाकतो. मी सगळ्यांना सांगत आलो की पापांसाठी सोडला. पापांना रुबिएला बघत होतीच. वर्गात बसलो की वाटायचं, जे पंचेचाळिसाव्या वर्षी विसरायचं ते विसाव्या वर्षी पाठ कशाला करू? एक दिवस सरांच्या तोंडावर हेच बोललो आणि दार आपटून बाहेर पडलो. पश्चात्ताप होत नव्हता. तू भेटल्यावर व्हायला लागला. तुझ्याबरोबर पंचेचाळिसाच्या पुढचंही काही हवंसं वाटायला लागलं.

विल्मार


एल सेद्रल, १८ जून

युरानी,

तुला बातम्यांतून कळलं असेल. इथे काल काय झालं ते ऐक.

डॉक्टरबाई स्वतः आल्या, मेडेयीनहून, चर्चच्या हॉलमध्ये. आम्हाला आधी कळवलं होतं, निकाल घेऊन येतोय. बायकांनी सकाळपासून मोठ्या हंड्यात सांकोचो रटरटत ठेवलं होतं. कोंबड्या, कंद, मक्याची कणसं, छत्तीस माणसांचं आणि त्यांच्या पोराबाळांचं जेवण. बेत्साबे आत्या म्हणाली, “बातमी चांगली असो वाईट असो, जेवायचं तर आहेच.” पण तिनं आधीच ठेवणीतली काळी शाल काढली होती, मी बघितलं.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक पाणीवाल्यांची, एक औषधवाल्यांची. आधी मला वाटलं एकच रेघ आहे. इतक्या चिकटून चालल्या होत्या. बाई म्हणाल्या, थोडासा फरक दिसतो, पण तो योगायोगानंही पडू शकतो. औषध उपयोगी पडलं असं आम्ही म्हणू शकत नाही.  पाच वर्षं त्या आमच्या प्रत्येक पोराचं बारसं लक्षात ठेवून विचारायच्या, त्यांचा दोष नाही.

 मग बेत्साबे आत्या उभी राहिली. तिच्या चार भावंडांपैकी तिघं खुळावली.

“डॉक्टरबाई, मी अडाणी आहे. नीट सांगा. म्हणजे औषध पण पाणीच होतं?”

बाईंनी चष्मा काढला. “हो, बेत्साबेबाई,” त्या म्हणाल्या. “तसंच म्हणायला हवं.”

मी रुबिएलाकडे बघितलं नाही. सगळा हॉल तिच्याकडे बघत नव्हता. एवढी माणसं एकाच वेळी एका बाईकडे न बघता बसलेली तू कधी पाहिलीस का? बाकीच्या पस्तीस जणांना आजही ठाऊक नाही. त्यांना काल फक्त औषध गमवावं लागलं. तिच्याकडून मी ‘असेल किंवा नसेल’ आधीच काढून घेतलं होतं, औषधावरच ती उभी होती.

तीच उठली. मुलांना ओळीत उभं करतात त्या आवाजात म्हणाली, “डॉक्टरबाई, पुढचं कधी?”

पुढचं आहे. वेगळं औषध, बाई म्हणतात या वेळी आशा जास्त आहे, आणि लवकर सुरू करायचं म्हणून बाविसाव्या वर्षापासूनची माणसं घेणार. यादी तिथेच फिरली. काय सांगू तुला, ज्यांनी दोन मिनिटांपूर्वी रुमाल तोंडात कोंबले होते त्यांनी पेन मागून घेतलं. रुबिएलानं माझा हात धरून माझ्याकडून लिहून घेतलं. एकेचाळिसावा मी. बाई म्हणाल्या, एकच अट, यापूर्वी कुणी केंद्राची कागदपत्रं हाताळली असतील, तर त्याला घेता येणार नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

मग आम्ही सांकोचो जेवलो. चमच्यांचे आवाज.

घरी आल्यावर मी रुबिएलाला म्हटलं, मी पण रक्त तपासून घेतो. तुला एकटीला माहीत असायचं आणि मला नाही, हे बरोबर नाही. जे असेल ते दोघांना माहीत असू दे. तिनं माझ्या थोबाडीत मारली. बावीस वर्षांत पहिली.

“या घरात एक तरी माणूस न कळता जगू दे,” ती म्हणाली. “मला बघायला तेवढं तरी ठेव.”

आता ते लिहितो जे तीन पत्रांत लिहिलं नाही. मी खोटी शपथ घेतली होती.

चोवीस तारखेला मला खाली ठेवल्यावर ओविदियोनं विचारलं, “पण तुला सांगितलं कुणी?” वही उघडली असं म्हणणं सोपं होतं. चोर म्हणाले असते, झालं. पण तिथे सगळे चुलतभाऊ होते, जे वर्षभर मला चिडवायचे की ती शहरातली पांढऱ्या कोटातली पोरगी तुझ्याकडे ढुंकून बघत नाही. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, “युरानीनं. दुसरं कोण सांगणार? माझ्यासाठी ती नियमबियम काही बघत नाही.”

त्यांनी शिट्ट्या मारल्या. मला बरं वाटलं, युरानी. इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. तू माझ्यावर किती प्रेम करतेस हे मी त्यांना सांगत होतो, आणि जे तू कधीच केलं नव्हतंस तेच पुरावा म्हणून देत होतो. दोनच दिवसांत कुणीतरी जाऊन केंद्रात म्हणालं, त्या मुलीकडून आमचंही विचारून द्या.

तुझी नोकरी मी घालवली. फुशारकीत.

केंद्रानं मलाही बोलावलं होतं, नऊ जानेवारीला. विचारलं, युरानीनं सांगितलं का? मी गप्प बसलो. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पत्रात तुला लिहीत होतो की मला काही ठाऊक नाही.

विल्मार


एल सेद्रल, ४ ऑगस्ट

युरानी,

तुझं उत्तर नाही, आणि आता मी वाटही बघत नाही. म्हणजे बघतो, पण टपालवाल्याला शिव्या देत नाही.

आज मेडेयीनला जातोय. डॉक्टरबाईंची वेळ मागितली होती, साडेअकराची मिळाली. एक कागद लिहिलाय, खाली सही आणि अंगठा दोन्ही. सात डिसेंबर, वही बंद होती, मी उघडली, औषधखोलीतल्या मुलीनं मला एक शब्दही सांगितला नव्हता, उलट मी विचारल्यावर तिनं पाणी मागायला सांगितलं होतं. कुटुंबासमोर तिचं नाव घेतलं ते खोटं. नऊ जानेवारीला गप्प बसलो तेही खोटंच. त्याची एक प्रत या पाकिटात घालतोय. पास्तोला कुठे कामासाठी दाखवावी लागली तर दाखव.

एकेचाळिसावं नाव खोडलं जाईल. ठाऊक आहे. रुबिएलाला काल सांगितलं. माझ्या हातानं ते नाव लिहून घेतलं होतं तिनं, म्हणून आधी तिला. ती पापांची नखं कापत होती. एक हात संपवून तिनं दुसरा घेतला.

“दुसरं औषध निघेल,” मी म्हटलं, “तिसरं निघेल. मी बावीस वर्षांचा आहे.”

“हो,” ती म्हणाली. “मी पण होते.”

मग कात्री पुसून ठेवली आणि म्हणाली, “नऊ जानेवारीलाच जायला हवं होतंस.”

“हो.”

“त्या मुलीचं वय काय?”

“चोवीस.”

“आणि तिनं तुला पाणी मागायला सांगितलं होतं.” असं म्हणून रुबिएला पहिल्यांदा रडली. डिसेंबरपासून पहिल्यांदा, आणि तुझ्यासाठी. मला वाटतं आपल्यासाठी कुणीतरी पाणी मागितलं होतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

सकाळी उठलो तर मक्याच्या आरेपा भाजून फडक्यात बांधून ठेवलेल्या. गूळपाण्याची बाटली. “यादीचं ते बघतील,” म्हणाली, “तू बसचं बघ, चुकेल.”

भोंगा वाजला. ओविदियो मला बसपर्यंत सोडतो म्हणालाय. रुबिएला बरणी घेऊन खिडकीपाशी गेली, थांबली, आणि मग आज दारातून बाहेर गेली. अंगणात उभे आहेत दोघं. तो म्हणतोय, “बरणी दे.” ती म्हणतेय, “माझ्याकडे दहा वर्षं आहेत, ओविदियो. चांगली अशी दहा. सहा तू भोंगा वाजवण्यात घालवलीस.” तो म्हणतोय, “मग बस ना गाडीत.” ती म्हणतेय, “शाळा आहे मला.” पण घरात आलेली नाही अजून. मी हे टेबलाशी बसून लिहितोय, दुसरीकडे बघत.

तुझ्याकडे काही मागणार नव्हतो. एक मागतो. तुझ्या मावशीकडे देव्हारा असेल तर माझ्यासाठीही पाणी माग. मला कधी कळणार नाही ते मिळालं की नाही. पण तू मागितलंस एवढं कळलं तरी पुरे, आणि तेही नाही कळलं तरी असो.

पापा उठले. मी कॉफी नेऊन दिली. “गाय विकायची नाही, साहेब.” “नाही विकायची, डॉन हिल्दार्दो. शब्द देतो.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. काल कापलेली नखं.

बॅग खांद्यावर घेतली आहे. हे शेवटचं उभ्यानं लिहितोय, अक्षर वाकडं येईल. तू पहिल्या दिवशी म्हणालीस, दार हळू लावा. तुझ्यानंतर मी सगळी दारं हळू लावायला शिकलो होतो, केंद्रातली, बसची, चर्चची. हे एक नाही लावता येणार. आत बसलेल्या माणसाला कोण गेलं ते कळायला हवं.

पाकीट खिशात घालून निघतो, आणि बाहेर पडताना बिजागऱ्या हलतील असं आपटून दार लावतो.